व्हिक्टोरियातला सोन्याचा मुलूख : सॉव्हरिन हिल बघून झालं, आता जुनं काय बघाल?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मेलबर्नमध्ये कुणाचे आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून आले की फिरायची यादी ठरलेली असते. ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव नव्याने उभारून दाखवणारं संग्रहालय. मीही नऊ वर्षांत पाहुण्यांना घेऊन चार वेळा सॉव्हरिन हिलला गेले. यंदा पाचव्यांदा सासऱ्यांना घेऊन गेले. ते सगळं नीट बघून घेऊन एका बाकावर बसले आणि म्हणाले, "छान केलंय. पण हे 1970 साली उभारलेलं ना? मग जुनं कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला आम्ही दोघं गेले सहा शनिवार फिरतोय. त्यातलं काही इथे लिहिते. ज्यांनी अजून बघितलं असेल त्यांनी भर घालावी.

थोडी पार्श्वभूमी. 1851 च्या जुलैत क्लून्स गावाजवळ आणि ऑगस्टमध्ये बनिनयाँगला सोनं सापडल्याची बातमी फुटली. मग बॅलरॅट, माउंट अलेक्झांडर, बेंडिगो अशी एकामागून एक ठिकाणं लागत गेली. व्हिक्टोरियाची वस्ती 1851 मध्ये साधारण 77 हजार होती, ती दहा वर्षांत 5 लाख 40 हजारांच्या घरात गेली. मेलबर्नच्या जुन्या दगडी इमारती याच पैशावर उभ्या आहेत. पार्लमेंट स्टेशनबाहेरची ओल्ड ट्रेझरी बिल्डिंग तर सोनं ठेवायलाच बांधली. तळघरात तिजोऱ्यांच्या कोठड्या आहेत. तिचा आराखडा केला तेव्हा जे. जे. क्लार्क 19 वर्षांचा होता, हे ऐकून सासरे त्या पायऱ्यांवर पुन्हा एकदा चढून आले.

पण आम्हाला सर्वांत जास्त भिडला तो कॅसलमेन आणि च्यूटनचा भाग. मेलबर्नहून रेल्वेने जाता येतं.

कॅसलमेनच्या थोडं बाहेर पेनीवेट फ्लॅट नावाचं एक दफनस्थान आहे. माळावर खडकाळ उंचवटा, वाकडीतिकडी झाडं आणि दगड रचून आखलेल्या लहान लहान चौकटी. 1852 ते 1857 या काळात इथे सुमारे 200 जणांना पुरलं, त्यात बहुतेक लहान मुलं. तंबूतली वस्ती, वरच्या अंगाला माती धुतलेलं गढूळ पाणी खालच्यांनी प्यायचं, त्यातून हगवण आणि ताप. पेनीवेट म्हणजे सोनं तोलायचं एक वजन, जेमतेम दीड ग्रॅम. जमीन इतकी खडकाळ की खणून हाती काही लागणार नाही, म्हणून ती मुलांसाठी सोडली गेली. आजूबाजूचा सगळा मुलूख उकरून उलटापालटा झालाय, हा तुकडा तेवढा तसाच राहिला. काही चौकटी माझ्या हाताच्या लांबीएवढ्या आहेत. मी तिथे फोटो काढले नाहीत.

तिथून जवळच च्यूटनला गारफील्ड व्हीलचे दगडी खांब उभे आहेत. 1887 साली इथे सुमारे 22 मीटर व्यासाचं पाणचाक बसवलं होतं. गारगोटीचा दगड कुटणारे लोखंडी मुसळ त्याच्या जोरावर चालायचे. चाक गेलं, दोन्ही बाजूंचे खांब राहिले. त्यांच्यामध्ये उभं राहून वर बघितलं की चाकाचा आकार आपोआप कळतो.

आणि आता सासऱ्यांचा विषय. ते पाटबंधारे खात्यात होते, सगळी नोकरी कालव्यांवर गेली. या मुलखात उन्हाळ्यात ओढे आटायचे आणि पाण्याशिवाय माती धुता यायची नाही. म्हणून जोसेफ ब्रेडी या आयरिश इंजिनियरच्या योजनेप्रमाणे कोलिबान नदीवर माम्सबरीला धरण बांधून डोंगरांच्या कडेकडेने पाट काढला. पंप नाही, सगळं उतारावर. 1877 साली ते पाणी बेंडिगोला पोचलं. खाणी बंद पडल्या, पण पाट आजही वाहतोय, शेतांना पाणी देतोय. सासरे पाटाच्या कडेने दोन तास चालले. मध्येच थांबून काठी पाण्यात टाकायचे, ती किती वेगाने जाते ते घड्याळात बघायचे. शेवटी म्हणाले, "एवढा कमी उतार त्या काळच्या साधनांनी धरायचा म्हणजे माणूस पक्का असला पाहिजे." त्यांच्या तोंडून आलेलं याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहीन. तुम्हीही लिहा.

---

सह्यभटक्या

रानवाटाताई, फार मनापासून लिहिलंय. पेनीवेट फ्लॅट माहीतच नव्हतं.

च्यूटनचा उल्लेख आलाच आहे तर तिथली अजून एक जागा सांगतो. फॉरेस्ट क्रीकच्या काठी 15 डिसेंबर 1851 रोजी खाणकऱ्यांची प्रचंड सभा भरली होती, 'मॉन्स्टर मीटिंग' म्हणतात तिला. सोनं सापडो न सापडो, प्रत्येकाने महिन्याला 30 शिलिंग भरून परवाना घ्यायचा असा नियम होता आणि सरकार ती रक्कम दुप्पट करायला निघालं होतं. हजारो माणसं जमली आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. आज तिथे गवताळ मैदान आणि एक फलक आहे.

बॅलरॅटचं युरेका, म्हणजे खाणकऱ्यांचा उठाव, हा याच भांडणाचा पुढचा भाग. परवाना तपासायला पोलीस आले की खाणकरी 'जो! जो!' अशी आरोळी द्यायचे, गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोबच्या नावावरून. 1854 च्या नोव्हेंबरअखेर बेकरी हिलवर परवाने जाळले. निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असलेल्या झेंड्याखाली शपथ घेतली, की एकमेकांच्या पाठीशी खरेपणाने उभे राहू आणि आपल्या हक्कांसाठी लढू. 3 डिसेंबरच्या पहाटे, रविवारी, सैन्याने त्यांचा लाकडी कोट उद्ध्वस्त केला. निदान 22 खाणकरी मेले.

मला त्यानंतरचा भाग जास्त मोठा वाटतो. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले आणि मेलबर्नच्या ज्युरींनी सगळ्यांना सोडलं. महिन्याचा परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला आणि त्याबरोबर मताचा अधिकार. पुढारी पीटर लेलर, ज्याचा हात त्या लढाईत गेला, वर्षभरात विधिमंडळात बसला आणि पुढे सभापती झाला.

मूळ झेंडा बॅलरॅटच्या युरेका सेंटरमध्ये आहे. कडा फाटलेल्या, बराच भाग नाही. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. अंधाऱ्या खोलीत ठेवलाय, डोळे सरावायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ थांबा.

---

दोन_पिल्लांची_आई

वाचतेय. पण सॉव्हरिन हिलच्या बाजूने थोडं बोलू द्या. माझी मुलं सात आणि दहा वर्षांची. त्यांना नुसते खांब आणि फलक दाखवले असते तर पाच मिनिटांत 'घरी चला' झालं असतं. तिथल्या ओढ्यात घमेलं घेऊन बसली तेव्हा त्यांना कळलं की तासभर पाठ वाकवून राईएवढा कण मिळतो. आता त्याच्या जोरावर त्यांना खऱ्या जागा दाखवता येतील.

दोन प्रश्न : मुलांना खऱ्या खाणीत नेता येतं का? आणि बाहेर कुठे स्वतः सोनं शोधायला परवानगी आहे का? धाकटा रोज विचारतो.

---

बेंडिगोवासी

ताई, दोन्हीची उत्तरं 'हो'.

बेंडिगोची सेंट्रल डेबोरा खाण 1939 ते 1954 चालली. 17 मजले, 412 मीटर खोल, सुमारे एक टन सोनं काढलं. आता मार्गदर्शकाबरोबर 61 मीटरवर नेतात. दिवे बंद करून दाखवतात तेव्हा धाकट्याचा हात धरून ठेवा. वर आल्यावर रोझलिंड पार्कमधल्या पॉपेट हेडवर चढा. खाणीच्या तोंडावर पाळणा ओढायला जो उंच सांगाडा असतो तो हा. जुन्या खाणीवरून आणून बागेत उभा केलाय. वरून गाव बघितलं की कळतं, घरं आणि खाणी एकमेकांत किती मिसळलेल्या होत्या.

सोनं शोधायचं तर मायनर्स राइट काढा. युरेकाने मिळवलेला तोच, आजही त्याच नावाने मिळतो आणि दहा वर्षं चालतो. हाताची अवजारं आणि मेटल डिटेक्टर चालतात. मात्र सगळ्या राखीव जागांत परवानगी नसते, आधी नकाशा बघा. खणलेला खड्डा बुजवून या.

धाकट्याला ही गोष्ट सांगा : 5 फेब्रुवारी 1869 रोजी मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम दोन बोटांवर सोन्याचा गोळा लागला. वजन सत्तर किलोंहून जास्त. डनॉलीला नेला तर बँकेच्या तराजूत मावेना, मग लोहाराच्या ऐरणीवर फोडून तोलावा लागला. त्यामुळे 'वेलकम स्ट्रेंजर'चा अखंड असतानाचा एकही फोटो नाही.

आता माझ्या आवडीची जागा. उत्तर बेंडिगोत एमू पॉइंटला चिनी जॉस हाउस, म्हणजे चिनी देऊळ आहे, 1870 च्या सुमाराचं, हाताने पाडलेल्या विटांचं, लाल रंगवलेलं, ग्वान दी या देवाचं. दारात शिरलं की उदबत्तीचा वास येतो आणि मला थेट गावच्या देवळात गेल्यासारखं होतं. 'जॉस' हा शब्द पोर्तुगीजांच्या देवासाठीच्या शब्दावरून चीनच्या बंदरांत तयार झाला.

चिनी लोक कॅलिफोर्नियाला जुना सोन्याचा डोंगर म्हणत आणि या मुलखाला नवा. 1855 मध्ये व्हिक्टोरिया सरकारने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर लावला. इतर कुणावर नाही. मग जहाजं त्यांना शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या छोट्या बंदरात उतरवू लागली. तिथून खाणींपर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त वाट, खांद्यावर कावड, एकामागे एक रांग. हजारो माणसं अशी चालत आली. 1857 मध्ये अशाच एका जथ्याला वाटेत सोनं लागलं आणि त्यातून अरारात गाव उभं राहिलं. रोबच्या किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे. मी ती वाट गाडीने गेलो. पाच तासांत शंभर वेळा मनात आलं की हे चालत गेले.

---

भूगर्भ

नागपूरला भूशास्त्र शिकवायचो, आता मुलीकडे जीलाँगला असतो. थोडं खडकांविषयी.

या मुलखातलं सोनं जुन्या समुद्रतळाच्या गाळखडकांत, घड्या पडताना झालेल्या भेगांमधून वर आलेल्या गारगोटीच्या शिरांत आहे. बेंडिगोत या शिरा घडीच्या माथ्यावर घोड्याच्या खोगिरासारख्या बसल्यात, एकीखाली एक. शिरा झिजून सोनं ओढ्यांत आलं. 1851 च्या लोकांना मिळालं ते हेच, कुदळ-घमेल्याने निघणारं.

बॅलरॅट-क्रेसिकच्या बाजूला मात्र नंतर ज्वालामुखीचा लाव्हा वाहिला आणि जुन्या नद्या सोन्यासकट त्याखाली गाडल्या गेल्या. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाखाली एखादी नदी आहे असं समजा. तिच्यापर्यंत पोचायचं तर बेसाल्ट फोडून खाली जायचं आणि पाण्याशी झगडायचं.

क्रेसिकजवळ न्यू ऑस्ट्रेलेशियन नंबर 2 या खाणीत 12 डिसेंबर 1882 रोजी शेजारच्या बंद, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीतून लोंढा फुटला. 27 जण आत अडकले, 22 बुडाले. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींत याहून मोठा अपघात झालेला नाही. आत अडकलेल्यांनी आपल्या डब्यांवर खिळ्याने ओरखडून बायकामुलांसाठी निरोप लिहिले. मी वर्गात खडकांच्या जाती शिकवताना या डब्यांविषयी सांगायला हवं होतं, असं तिथे उभा असताना वाटलं. जागा शेतांमध्ये आहे, शांत आहे. जरूर जा.

---

कोलारकर

वरच्या प्रतिसादाने गलबलून आलं. माझं बालपण केजीएफमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात गेलं, वडील तिथे कारकून होते. खाणीचा भोंगा अवेळी वाजला की गल्लीतल्या सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. कुणी काही बोलायचं नाही.

रानवाटा, तुम्ही कॅसलमेनला जाताच आहात तर फ्रायर्सटाउनचं ड्यूक ऑफ कॉर्नवॉल इंजिनघर बघा. दगडी उंच इमारत, धुराडं. 1860 च्या दशकातलं कॉर्नवॉल पद्धतीचं बांधकाम. कॉर्नवॉलचे खाणकामगार जगभर गेले, इथे आले आणि कोलारलाही आले. आमच्याकडे खाणी चालवणारी जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी त्यांना घेऊन आली. आणि कोलारमध्ये नव्या काळात खाणीचा हक्क मागणारा मायकल लॅव्हेल हा आयरिश सैनिक न्यूझीलंडहून आला होता, तिथल्या सोन्याची ओढ मनात घेऊन. 1873 मध्ये त्याने सरकारकडे अर्ज केला आणि पुढे त्याला परवानगी मिळाली.

दुःख एवढंच, की तिथे इंजिनघर जपलंय, फलक लावलाय, वाट आखलीय. केजीएफ 2001 मध्ये बंद झालं. आमच्याकडे सायनाइडचे डोंगर आहेत, वारा सुटला की भुकटी घरात येते. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरांवरचे सांगाडे गंजताहेत. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण, तिथे माणसं राबली, त्यांचं स्मारक कुणी तरी नीट करायला हवं.

---

पायवाट

धागा सुंदर चाललाय. पण एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. 1851 च्या आधी हा मुलूख रिकामा नव्हता. कॅसलमेन-बेंडिगो ही जा जा वुरुंग लोकांची भूमी, बॅलरॅट वदावुरुंग लोकांची. माउंट अलेक्झांडरचं त्यांचं नाव लियांगनुक. गोल्ड रशच्या काळातही ते इथेच होते. खाणकऱ्यांना वाटा दाखवायचे, पॉसम या प्राण्याच्या कातड्यांच्या गोधड्या विकायचे, थंडीत त्या गोधड्यांना भाव होता.

जा जा वुरुंग या जमिनीला 'उलटी झालेली भूमी' म्हणतात. खालची माती वर, वरची खाली. जंगलात बघा, बॉक्स-आयर्नबार्क या निलगिरीच्या जातींच्या एकेका बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली दिसतील. खाणींच्या टेकूंना आणि बॉयलरला मूळ झाड तोडलं, बुडातून फुटवे आले. माझ्या मते ही झाडंसुद्धा त्या काळाची खूणच आहेत, फलक नसलेली. 2013 मध्ये राज्य सरकारने जा जा वुरुंग लोकांशी करार केला आणि काही उद्यानांची मालकी त्यांना परत मिळाली.

---

रानवाटा

पायवाट, बरं झालं लिहिलंत. हे मुख्य लेखात पहिल्यांदा यायला हवं होतं, मी 1851 पासून सुरुवात केली ती चूक झाली. ती झाडं आम्ही दर शनिवारी बघत होतो. अशी का वाढली असतील, असं सासऱ्यांनी विचारलंही होतं. आज त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

कोलारकर, फ्रायर्सटाउन या शनिवारी नक्की. फोटो खास तुमच्यासाठी टाकते.

---

टांकसाळ

नाणी जमवतो म्हणून एक जागा सुचवतो, तीही मेलबर्नच्या मध्यात. विल्यम स्ट्रीटवर जुन्या मेलबर्न मिंटची इमारत आहे. 1872 पासून 1931 पर्यंत इथे सॉव्हरिन पाडले गेले, म्हणजे आपली गिन्नी. 22 कॅरट, आठ ग्रॅमला किंचित कमी. ऑस्ट्रेलियात पडलेल्या गिन्न्या मोठ्या संख्येने भारतात आल्या आणि सराफांमार्फत घराघरांत गेल्या.

कुणाच्या घरी जुनी गिन्नी असेल तर भिंग घेऊन बसा. घोडेस्वार आणि सापासारख्या ड्रॅगनची बाजू वर करा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीत, सालाच्या आकड्यांच्या बरोबर मध्ये वर, एखादं बारीक इंग्रजी अक्षर दिसतंय का बघा. 'एम' असेल तर मेलबर्न, 'एस' सिडनी, 'पी' पर्थ. 'आय' असेल तर आपल्या मुंबईची टांकसाळ, पण ती फक्त 1918 ची. व्हिक्टोरिया राणीचा तरुण चेहरा असलेल्या जुन्या नाण्यांवर हे अक्षर चेहऱ्याच्या बाजूला, गळ्याखाली असतं. अक्षर नसेल तर लंडन.

---

नाशिकची_मावशी

मी इथे फक्त वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्याकडे सासूबाईंनी दिलेली एक गिन्नी आहे, गळ्यात घालायला मागे कडी डाग देऊन घेतलेली. त्यांना त्यांच्या सासूने दिली होती. टांकसाळ यांनी लिहिलंय तसं नातवाकडून मोबाइलवर मोठं करून बघितलं. साल 1896. आणि वर बारीक 'एम' आहे. नातू दोनदा म्हणाला, आजी, 'एम'च आहे.

आम्ही इतकी वर्षं दसऱ्याला तिची पूजा करतो. ती कुठून आली असेल असा विचार कधी केला नव्हता. हे सोनं कुठल्या खाणीतलं ते कळू शकतं का?

---

टांकसाळ

मावशी, अभिनंदन! नेमकी खाण सांगता येत नाही. टांकसाळीत सगळीकडचं सोनं एकत्र वितळायचं. पण त्या वर्षी मेलबर्नला येणारं सोनं बहुतेक व्हिक्टोरियाच्याच खाणींतलं, बेंडिगोच्या खोल शिरा तेव्हा जोरात चालू होत्या. एक विनंती, कडी काढू नका आणि पॉलिश करू नका. ती कडी हाच तुमच्या घरचा भाग आहे.

---

रानवाटा

मावशी, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. तुमची हरकत नसेल तर गिन्नीचा फोटो पाठवा, शनिवारी बेंडिगोला पॉपेट हेडवर चढून तो तिथे उघडून बघायचा असं त्यांनी ठरवलंय.

बरोबर यायचं असेल त्यांनी कळवा. आत्तापर्यंत सहा जण आहोत, दोन_पिल्लांची_आईही येतेय. सकाळी कॅसलमेन स्टेशनवर भेटू, तिथून आधी पेनीवेट फ्लॅट, मग फ्रायर्सटाउन, दुपारनंतर बेंडिगो. प्यायचं पाणी, टोपी आणि जाड तळव्याचे बूट आणा. रानात शिरल्यावर आखलेली वाट सोडू नका, गवतात उघड्या जुन्या विहिरीसारखे शाफ्ट आहेत आणि सगळ्यांना कुंपण नाही. मुलांचा हात सोडायचा नाही.